मीटर हिरवंच होतं

"त्याले सांग बाई, खड्ड्यात बसून फोन नको करत जाऊ म्हणा."

भय्याजींनी हे पहिल्यांदा म्हटलं तेव्हा आम्रपाली गोलूला भरवत बसली होती. गोलू वरणभाताचा घास गालात धरून ठेवायची आणि आईची नजर हलली की फरशीवर सोडून द्यायची, त्यामुळे नजर हलवायची सोय नव्हती. "हो मामाजी, सांगते," असं आम्रपाली म्हणाली आणि तिनं ते सांगितलं नाही. सासऱ्यांच्या सूचना दिवसभर चालूच असायच्या. कूलरमध्ये पाणी कमी झालं, गेटची कडी नीट लागली नाही, सिलिंडरचा वास येतोय का बघ. त्यातलीच ही एक.

खरं म्हणजे काळजी करण्यात आम्रपाली कुणाला हार जाणारी नव्हती. गोलू झोपली की तिच्या नाकापुढे बोट धरून ती श्वास बघायची. बाहेर निघताना शेगडीचं बटण बघायची, गेटपर्यंत जायची, परत येऊन पुन्हा बघायची. पोरीच्या घशात शेंगदाणा अडकला तर काय करायचं याचे व्हिडिओ तिला पाठ होते. तिचा नवरा नरेश हसायचा. "तुले तं सेफ्टी ऑफिसर करायले पाहिजे," म्हणायचा. पण या एका बाबतीत तिचं काळजी करणारं मन गप्प बसलं होतं, आणि का गप्प बसलं होतं हे तिला आतून ठाऊक होतं. तो खड्डा तिचा होता.

खड्डा हा भय्याजींचा शब्द. नरेश त्याला चेंबर म्हणायचा. भिलाईपासून दोन रात्रींच्या रेल्वेप्रवासावर असलेल्या एका विमानतळावर तो पाइपच्या कामाचा फोरमन होता. तिथं विमानं उभी करायचं आवार वाढवत होते, आणि त्या आवाराच्या काँक्रीटखालून विमानाच्या इंधनाची लाइन टाकत होते. गेल्या दिवाळीत घरी आला तेव्हा त्यानं आम्रपालीला जेवणाच्या ताटावरच सगळं समजावलं होतं. "ही भाकर म्हणजे टाकी. दूर कोपऱ्यात. हा मिठाचा ढीग म्हणजे विमान. मधून जमिनीखालून पाइप. विमान येऊन उभं राहिलं का त्याच्या बाजूले जमिनीतलं झाकण उघडाचं, नळी लावाची, तेल वर. टँकर नाही, काही नाही. आपल्या घरी नळ येते का नाही, तसंच."

"आपल्या घरी नळ दिवसाआड येतो," आम्रपाली म्हणाली होती.

या लाइनीच्या वाटेत ठिकठिकाणी जमिनीखाली काँक्रीटच्या लहान खोल्या होत्या. तिथं व्हॉल्व्ह बसणार होते. वरून चौकोनी तोंड, आत उतरायला लोखंडी शिडी. दुपारच्या सुट्टीत नरेश डबा आणि फोन घेऊन त्यातल्या एका चेंबरमध्ये उतरायचा. वर विमानांची घरघर, काँक्रीट फोडणाऱ्या मशिनी, डोकं उकळवणारं ऊन. राहायच्या खोलीत आठ जण, आणि त्या आठांपैकी एक तरी "भाभी को हमारा भी नमस्ते बोलना" असं ओरडणारा. चेंबरमध्ये मात्र सावली होती, गारवा होता, आणि चौकोनी तोंड उघडं असल्यामुळे नेटवर्कही यायचं. तिथं त्याचा आवाज भिंतींवरून फिरून यायचा आणि फोनमध्ये अगदी जवळ वाटायचा, जणू शेजारच्या उशीवरून बोलतोय.

आम्रपाली त्या फोनसाठी जेवायची थांबायची. तो तिकडे डबा उघडायचा, ती इकडे ताट घ्यायची. गोलू पडद्यावरच्या बापाला घास भरवायची आणि फोन वरणानं माखायचा. तासभर हे घर भरलेलं असायचं. मग तिकडे भोंगा व्हायचा, नरेश "चलो मॅडम, जयभीम" म्हणून शिडी चढायचा आणि कोहक्याच्या त्या घरात पुन्हा कूलरचा आवाज उरायचा.

भय्याजी भिलाईच्या पोलाद कारखान्यातून, प्लांटमधून, रिटायर झाले तेव्हा कंपनीच्या सेक्टरमधलं क्वार्टर सोडावं लागलं आणि त्यांनी भिलाईतच कोहक्याला हे घर बांधलं. सासूबाई घर बघायच्या आधीच गेल्या. क्वार्टरमध्ये म्हणे संध्याकाळी पायऱ्यापायऱ्यांवर बाया बसायच्या, भंडाऱ्याच्या, गोंदियाच्या, नागपूरच्या. इथं गल्लीत उंच गेटं होती आणि गेटांमागे मोटारी. शेजारीण रोज हसून "और, सब बढ़िया?" विचारायची आणि उत्तर यायच्या आत गेट लावून घ्यायची. गोंदियाहून लग्न होऊन आलेल्या आम्रपालीला दिवसभरात मराठी बोलायला दोनच माणसं होती. एक भय्याजी, ज्यांना नीट ऐकू येत नसे. दुसरा खड्ड्यातला.

म्हणून भय्याजींनी तो विषय पुन्हा काढला तेव्हा ती जरा तुटकच बोलली.

"तो तेथीच बसते का अजून?" ते म्हणाले. "मी पूर्ण नौकरी गॅसच्या लाइनीवर काढली बाई. खाली असलेली जागा बरी नसते. गॅस सांगून येत नाही."

"मामाजी, तिथं गॅस कुठला? विमानाच्या तेलाची लाइन आहे. आणि तेलसुद्धा अजून सोडलेलं नाही, नुसते कोरे पाइप आहेत. शिवाय मीटर असतं ना त्यांच्या खिशाला. तुम्हीच तर दिलं."

भय्याजी कूलरमध्ये पाणी बघायला उठले. मीटर त्यांनीच दिलं होतं.

भिलाईत गॅस म्हटलं की त्याचा अर्थ एकच. स्वयंपाकाचा असतो तो सिलिंडर. गॅस म्हणजे भट्टीचा गॅस, कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. "अमक्याला गॅस लागली" असं कुणी म्हटलं की इथल्या बाया हातातलं काम टाकून उभ्या राहतात. त्या गॅससाठी माणसं छातीच्या खिशाला एक लहान मीटर लावतात. हिरवा ठिपका लुकलुकत असला की सगळं ठीक. लाल झाला, किंचाळायला लागला, की पळायचं. नरेश पहिल्यांदा बाहेरगावच्या कामावर निघाला तेव्हा भय्याजी स्वतः पॉवर हाउस भागातल्या बाजारात गेले, चार दुकानं पालथी घातली आणि तसलं मीटर घेऊन आले. स्टेशनवर त्यांनी ते पोराच्या खिशाला अडकवलं. "हे हिरवं हाय तोवर मी तुह्यासंगं हाओ, असं समज."

नरेशनं ते कधीच काढलं नाही. फोनवर बोलतानासुद्धा त्याच्या खिशावर तो हिरवा ठिपका लुकलुकत असायचा. आम्रपाली बोलता बोलता त्याच्याकडे बघायची आणि तिला बरं वाटायचं.

ते मे महिन्याचे दिवस होते. गल्लीत कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं. भय्याजी कूलरपुढे चटई टाकून आडवे झाले होते. फोन वाजला आणि गोलू धावली.

"पापा! पापा खड्डे में हैं!"

"हो वं माय, पापा खड्ड्यात हाय," नरेश हसला. "जयभीम, मॅडम. काय बनवलं?"

"मुनगा. तुमचं?"

"मेसवाल्याची आलू-सोयाबीन. सोयाबीन कायची, चपलेचे तुकडे टाकते तो. गोलू जेवली का?"

"जेवली. मुनग्याची शेंग चोखून चोखून तिचा चाबूक केला आणि आजोबाला मारला."

तो खूप हसला. एवढ्या हसण्यासारखं त्यात काही नव्हतं, पण तो हसला म्हणून तीही हसली. मग तिनं त्याला सांगितलं की नर्सरीच्या बाईंनी फोन केला होता, जूनपासून गोलूला पाठवा म्हणाल्या. तिनं सांगितलं की गोलू आता मराठीत विचारलं तरी हिंदीत उत्तर देते. त्यानं "हो का" म्हटलं. त्यानं पाठ भिंतीला टेकली होती आणि फोन समोरच्या पाइपवर उभा ठेवला होता.

"आज मस्त थंडगार वाटून राहिलं इथं," तो म्हणाला. "झोप येऊन राहिली."

"रात्री झोपला नाहीत का?"

"झोपलो ना... गोलू जेवली का?"

"सांगितलं की आत्ता. मुनग्याची शेंग."

"हो, हो. मुनगा." त्यानं चमचा उचलला आणि डब्याच्या बाजूला, नुसत्या काँक्रीटवर टेकवला. मग त्याकडे बघून पुन्हा हसला. "गोलू जेवली का?"

"काय हो, दिवसाढवळ्या घेतली की काय?" आम्रपाली म्हणाली. म्हणतानाच तिचा आवाज कमी झाला. नरेश घेत नाही. तिनं फोन हातात उचलून डोळ्यांजवळ आणला. त्याचे ओठ निळसर पडले होते. पापण्या जड होत्या. तो एकामागून एक जांभया देत होता, आणि प्रत्येक जांभईनंतर थोडा खाली घसरत होता. मागून कुठून तरी बारीक, न थांबणारी फुसफुस ऐकू येत होती. टायरमधून हवा जाते तशी.

"हा आवाज कसला आहे?"

"कोणता... हा? आरगॉन." शब्द त्याच्या तोंडातून ओढत ओढत निघाले. "बाजूचा जॉइंट करून राहिले ना पोट्टे... स्टेनलेसचा हाय. आतून आरगॉन भरा लागते, नाही तं वेल्डिंग काळी पडते. चालूच ठेवून गेले वाटते जेवाले. राहू दे ना. गॅस नाही... हे पाहा." त्यानं खिसा पुढे ओढून कॅमेऱ्याजवळ धरला.

मीटर हिरवंच होतं. लुकलुकत होतं.

एक क्षण आम्रपालीला बरं वाटलंसुद्धा. सवय असते तशी. मग तो शब्द तिच्या डोक्यात खाली उतरत गेला. आरगॉन. गोंदियाच्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या तक्त्यात सगळ्यांत उजवीकडे असायचा तो. कुणाशी बोलत नाही, कुणाशी जुळत नाही, म्हणून सर त्याला आळशी म्हणायचे. त्याला वास नसतो. रंग नसतो. तो हवेहून जड असतो. जड असतो म्हणजे पाण्यासारखा खाली जाऊन साचतो, आणि जिथं साचतो तिथल्या हवेला वर ढकलून देतो. नरेशच्या खिशावरचं मीटर एकच गॅस ओळखायला शिकलेलं होतं, भट्टीचा. तो गॅस तिथं नाही एवढंच ते सांगत होतं, आणि खरं सांगत होतं. हवा आहे की नाही, हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

"अहो, वर या."

"कावून?"

"उभे राहा. शिडी पकडा. वर या आधी, मग सांगते."

"येतो ना... जेवण तं होऊ..."

"उभे राहा म्हणते ना मी!"

गोलू दचकून रडायला लागली. नरेशनं आईनं दटावलेल्या पोरासारखं ऐकलं. त्यानं हात टेकला, गुडघ्यावर आला, आणि पाइपचा आधार घेता घेता त्याचा हात फोनला लागला. पडदा गरकन फिरला. मग काहीच हललं नाही. फोन पाठीवर पडला होता. त्याच्यातून फक्त चेंबरचं वरचं तोंड दिसत होतं. पांढऱ्या आभाळाचा एक चौकोन, आणि खाली फुसफुस.

"अहो! अहो, ऐकू येतंय का? नरेश!"

तिनं आयुष्यात पहिल्यांदा त्याला नावानं हाक मारली असावी. चौकोनात कुणी आलं नाही. त्यातून एक विमान आरामात निघून गेलं.

भय्याजी उठून बसले होते. तिनं फोन त्यांच्या तोंडापुढे धरला. "मामाजी, ते खाली पडले आहेत, ओरडा! वर कुणाला तरी ऐकू गेलं पाहिजे, ओरडा!" प्लांटमधल्या ब्लोअरनी भय्याजींचे कान घेतले होते आणि त्या बदल्यात त्यांना एक आवाज दिला होता. काय झालं, कसं झालं, त्यांनी काही विचारलं नाही. "ए नऱ्याऽऽ! ए पोट्ट्याऽऽ! अरे कोई हाय काऽऽ!" घराच्या खिडक्यांच्या काचा थरथरल्या.

तोवर आम्रपालीनं त्यांचा बटणांचा फोन घेतला. त्या विमानतळावरच्या एकाच माणसाचा नंबर तिच्याजवळ होता. बबलू, छत्तीसगडातल्याच चांप्याचा. जड पाइप क्रेनला बांधून खाली सोडायचं काम करायचा. आधी इथंच प्लांटमध्ये ठेकेदाराकडे होता, नरेशच्याच ओळखीनं तिकडे गेलेला. एकदा नरेशच्या फोनची बॅटरी गेली तेव्हा त्यानं बबलूच्या फोनवरून लावला होता. आपल्या फोनच्या पडद्यावर तो नंबर शोधताना आभाळाचा चौकोन बारीक होऊन कोपऱ्यात गेला. तो नाहीसा होईल या भीतीनं तिचं बोट नीट लागेना.

नंबर लागला. "आप जिस व्यक्ति से संपर्क करना चाहते हैं, वह दूसरी कॉल पर व्यस्त हैं."

जेवणाची सुट्टी होती. तिथला प्रत्येक माणूस आपापल्या घरी फोन लावून बसला होता. तिनं पुन्हा लावला. बाईंनी तितक्याच गोडीनं तेच सांगितलं.

भय्याजींचा आवाज फुटायला लागला होता तेव्हा चौकोनाच्या कडेला एक डोकं दिसलं. कानाला फोन, डोक्यावर पिवळी टोपी.

"कोन चिल्लावत हे खाल्हे मं?" खाली कोण ओरडतंय ते बघायला डोकं वाकलं. "अरे, दादा! दादा सुत गे का?" त्याला वाटलं, नरेश झोपलाय.

"बबलू!" आम्रपालीनं फोन ओढून घेतला. "बबलू, मैं भाभी! नीचे मत उतरना!"

"भौजी?" फोनमध्ये कोण बोलतंय, खड्ड्यातून बाईचा आवाज कसा येतोय, हे त्याला कळेना. पण नरेश पडलेला त्याला दिसला. "रुकव भौजी, मैं निकालत हंव!" त्याचा बूट शिडीच्या पहिल्या पायरीवर आला.

"गॅस हाय रे! गॅस हाय, उतरू नको!" भय्याजी बाजूनं ओरडले.

बूट थांबला. बबलूनं मान घालून खाली पाहिलं. तोही भिलाईत काम केलेला होता, कुठं बघायचं ते त्याला बरोबर ठाऊक होतं. "नइ हे बाबा! दादा के मीटर तो हरियर हे! गैस नइ हे!" आणि तो खुशाल दुसऱ्या पायरीवर उतरला.

आम्रपालीला तो बूट मोठा मोठा होताना दिसत होता. आता हाही खाली येईल, याच्या मागून आणखी एक येईल, आणि सगळे त्या हिरव्या ठिपक्याकडे बघत बघत येतील.

"गैस नहीं है, बबलू!" ती किंचाळली. "हवा नहीं है! नीचे हवा ही नहीं है!"

बूट जागच्या जागी राहिला.

"हवा नइ हे?"

"आरगॉन चालू छोड़ के गए हैं! वो बंद कर! तू उतरेगा तो तू भी वहीं गिरेगा! पहले हवा डाल!"

"हवा मार!" भय्याजींना आता शब्द सापडला. "कंप्रेसर की नली डाल अंदर! हवा मार, हवा!"

बूट वर गेला. चौकोन रिकामा झाला. मग धावपळ, हाका, कुणाच्या तरी शिव्या ऐकू आल्या, चौकोनात चार डोकी दिसली, एक जाड नळी साप सोडावा तशी खाली आली, आणि कानठळ्या बसवणाऱ्या आवाजासरशी सगळी धूळ उडून पडदा तपकिरी झाला. फोन बंद पडला.

तिनं लावला. लागला नाही. बबलूचा लावला. वाजत राहिला.

"फिर से लगाओ," गोलू म्हणाली.

ती लावत राहिली. भय्याजी चटईवर बसले होते, हात मांडीवर उताणे. घशातून आवाज निघत नव्हता म्हणून त्यांचे नुसते ओठ हलत होते. घरात बसवेना म्हणून आम्रपाली गोलूला कडेवर घेऊन गेटाबाहेर आली. ऊन पांढरं पडलं होतं. दोन्ही बाजूंच्या प्रत्येक घरातून कूलरची घरघर येत होती. एखादं गेट वाजवावं, कुणाला तरी सांगावं, असं तिला फार वाटलं. पण काय सांगणार होती? माझा नवरा दोन रात्रींच्या प्रवासावर जमिनीखाली पडलाय, आणि तिथं हवा नाही. हे कुठल्या भाषेत, कुठून सुरू करून सांगायचं? "और, सब बढ़िया?" एवढ्याचीच ज्या गेटाशी ओळख, त्या गेटापुढे ती उभी राहिली, हात कडीपर्यंत गेला, आणि परत आली.

फोन आला तेव्हा तिनं पहिल्याच घंटेला तो कानाला लावला.

"भौजी," बबलू धापा टाकत होता. "दादा उल्टी करिस हे. सांस चलत हे, भौजी. आँखी खोलिस हे."

आम्रपाली दारातच खाली बसली. गोलूनं तिच्या नाकापुढे बोट धरलं. आई करायची तसं.

नरेश घरी आला तो बबलूच्या सोबतीनं, दवाखान्यातून सुटल्यावर. दोरीनं ओढून काढताना खांद्याची कातडी सोलली होती, तेवढंच दिसायला होतं. बाकीचं दिसत नव्हतं. डोकं दुखायचं. बोलता बोलता साधा शब्द हरवायचा, 'चमचा', 'किल्ली', आणि तो हात हवेत धरून थांबायचा. खोलीचं दार बंद केलेलं त्याला चालेना. दोघं अंगणात बाज टाकून झोपायची. जो माणूस इतके महिने फोनमध्ये शेजारच्या उशीवर असायचा, तो आता खरोखर शेजारी होता आणि आभाळाकडे बघत गप्प पडून असायचा. तिला वाटायचं, विचारावं, काय बघता? मग वाटायचं, नको.

भय्याजींनी एकदा ते मीटर हातात घेतलं आणि बराच वेळ उलटंपालटं करून पाहिलं. "खोटं बोललं हे," ते म्हणाले.

"नाही मामाजी. ते खोटं नाही बोललं."

"मंग मी खोटं बोललो," ते म्हणाले, आणि मीटर पालथं ठेवून दिलं. नरेश तिथंच बसून गोलूच्या चपलेचा पट्टा लावत होता. त्यानं ऐकलं. पट्टा लावायचं विसरून तो हात तसाच धरून राहिला.

पाऊस लागायच्या आत तो परत जायला निघाला. डॉक्टरांनी हो म्हटलं होतं. आम्रपालीनं मनात ठरवून ठेवलं होतं की रडायचं नाही, आणि ती रडली नाही. ती भांडली.

"इथं काम नाही का? प्लांटमध्ये ठेकेदार नाहीत का?"

"इथं हेल्पर म्हणून ठेवतीन मले. तिथं फोरमन हाओ." मग जरा थांबून तो म्हणाला, "अन् ती लाइन मी टाकली वं. अर्ध्यावर कशी सोडू? अजून पाणी भरून टेस्ट करायची हाय. एक दिवस त्यातून तेल जाईन, विमान भरीन. मले ते पाह्यचं हाय."

"मला तुम्हाला पाहायचं आहे," ती म्हणाली.

तो चांगलाच लाजला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो तिला ओळखीचा वाटला.

आता तिकडे नियम झालाय. चेंबरमध्ये कुणी उतरायचं तर आधी हवा मोजायची, आणि वर काठावर दुसरा माणूस उभा ठेवायचा. त्यानं दुसरं काही करायचं नाही. फोन नाही, चहा नाही. फक्त खाली बघत राहायचं आणि अधूनमधून हाक मारायची. नरेशनंच सांगितलं तिला. चांगला नियम आहे. पण काम मागे पडलंय, माणसं कमी आहेत, आणि नुसता उभा राहिलेला माणूस ठेकेदाराच्या डोळ्यांत खुपतो, हेही त्यानंच कधीतरी बोलण्याच्या ओघात सांगितलं.

दुपारचा फोन आता मेसमधून येतो. ताटांचा खणखणाट, मागे कुणाचं तरी गाणं, "भाभी को नमस्ते." तो ओरडून विचारतो, ती ओरडून सांगते, अर्धं ऐकू येत नाही. "जेवलो. ठीक हाय. ठेवतो." ताट घेऊन थांबायची सवय तिची अजून सुटलेली नाही. फोन संपतो आणि ताट तसंच समोर असतं. तिला तो शांत, गार, घुमणारा आवाज आठवतो आणि लगेच स्वतःचाच राग येतो, की अजून तेच हवंय का तुला?

"उतरता तेव्हा वर कोण असतं?" ती रोज विचारते.

"असते ना कोणी तरी."

"कोण? बबलू?"

"बबलू गेला ना दुसऱ्या साइटले. असते कोणी. चल, ठेवतो."

हे 'कोणी तरी' तिला पुरत नाही. गोलू झोपली की ती त्या विमानतळाचे व्हिडिओ शोधते. हौशी प्रवासी खिडकीतून काढून टाकतात तसले. पंख, ढग, आपला चहाचा कप. सुरुवातीला विमान उभं असतं तेव्हा क्षणभर बाहेरचं आवार दिसतं. कुठं नारिंगी जाळी लावलेली दिसते. ती तिथं थांबवते, बोटांनी मोठं करते. चौकटी चौकटी होऊन चित्र फुटतं. माणूस आहे की खांब आहे, ते कळत नाही.

तिला इथून दिसत नाही. पण तुम्ही बसत असाल विमानात. कामासाठी, लग्नासाठी, फिरायला. जागेवर बसलात, पट्टा लावला, आणि विमान सुटायला वेळ असला, तर फोन जरा खाली ठेवा आणि खिडकीतून बाहेर बघा. जिथं काम चालू असेल, जाळी लावलेली असेल, जमिनीतलं चौकोनी झाकण उघडं असेल, तिथं बघा. खाली माणूस उतरलेला असेल तर तुम्हाला तो दिसायचा नाही. त्याला शोधू नका. वर काठावर दुसरा माणूस उभा आहे का, आणि त्याची नजर खाली आहे का, तेवढं बघा. कुणी नसेल तर डोक्यावरची बेल दाबा आणि जी कुणी येईल तिला सांगा, बाई, त्या खड्ड्यापाशी कुणाला तरी उभं करा. लोक हसतील. हसू द्या.